टाकसाळीत हे कुठे घडलं असेल?

माझी नोकरीची सगळी वर्षं टूलरूममध्ये गेली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत प्रेस टूल बनवायची, पंच आणि डाय एकमेकांत बसवायचे, आणि लाइनवरून बिघडलेला जॉब आला की तो नेमका कुठल्या टप्प्यावर बिघडला हे शोधून काढायचं. नाणी जमवायचा नाद त्याहून जुना, शाळेतला. पुढे दोन्ही एकच होऊन गेलं, कारण नाणं म्हणजे शेवटी प्रेसवरून निघालेला जॉबच. त्यावरचा कुठलाही दोष एक तर प्रेसवरून सुटण्याआधी घडलेला असतो, नाहीतर सुटल्यानंतर. आधी घडलेल्याला संग्राहक एरर म्हणतात आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजतात. नंतर घडलेलं ते नुकसान. त्याची किंमत नाण्यावर छापली आहे तेवढीच, पुष्कळदा तेवढीही नाही, कारण दुकानदार असं नाणं घेत नाही.

लोक माझ्याकडे नाणी घेऊन येतात. सोसायटीतले येतात, जुन्या कारखान्यातले सहकारी येतात, त्यांचे नातेवाईक येतात. त्यातली बहुतेक नाणी खराब झालेली असतात आणि घेऊन येणाऱ्याच्या मनात लाखाचा आकडा असतो. नुसता आकडा मनात असेल तर बिघडत नाही. त्या आकड्यापायी खिशातले पैसे गेलेले असतात तेव्हा फार वाईट वाटतं. अशा दोन प्रसंगांमुळे मी हे लिहितो आहे.

पहिला प्रसंग आमच्याच इमारतीतल्या एका मुलाचा. नुकता नोकरीला लागलेला, अभ्यासू, नाण्यांवर मनापासून प्रेम करणारा. त्याने मोबाइलवरच्या एका विक्रेत्याकडून अकरा हजारांना ‘लाखी’ घेतली होती. नव्वदच्या दशकातलं दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह व्यवस्थित उठलेले. दुसऱ्या बाजूला जिथे झेंडा असलेला भारताचा नकाशा हवा, तिथे तेच सिंह उलटे आणि आत दबलेले.

“काका, अशी एकाच बाजूची छाप दोन्हीकडे फक्त टाकसाळीतच येते ना?” त्याने विचारलं.

त्याचं पुस्तकी ज्ञान बरोबर होतं. लाखी तयार होते ती अशी. छापलेलं नाणं कधीकधी वरच्या डायला चिकटून राहतं. खाली पडतच नाही. मशीनला ते कळत नाही, ती पुढची कोरी चकती आत ढकलते. आता या चकतीवर खालून खरी डाय दाबते आणि वरून डायऐवजी ते चिकटलेलं नाणं दाबतं. म्हणून खालची बाजू नेहमीसारखी उठते आणि वरच्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं, खोल उमटतं. चिकटलेलं नाणं तसंच राहिलं तर दर ठोक्याला ते पसरत जातं आणि पुढच्या नाण्यांवरचं खोल चित्र मोठं आणि पुसट होत जातं. पहिल्या ठोक्याची लाखी मात्र विलक्षण स्वच्छ असते. ती हातात घेतली की धातू किती आज्ञाधारक असतो हे कळतं.

मी भिंग लावलं. दबलेल्या सिंहांच्या मधून नकाशाची किनाररेषा दिसत होती. चपटी झालेली, पण होती. तिथेच निकाल लागला. खऱ्या लाखीत त्या बाजूला नकाशाची डाय कधी पोहोचलेलीच नसते. मग नकाशा आला कुठून? आधी नाणं पूर्ण छापलं गेलं होतं, बाजारात फिरलं होतं, आणि नंतर कुणीतरी त्याच्यावर दुसरं नाणं ठेवून प्रेसमध्ये दाबलं होतं. शिवाय अकरा कोनांनीही साक्ष दिली. टाकसाळीत चिकटलेलं नाणं आणि नवी चकती एकाच कॉलरमध्ये, म्हणजे ठोक्याच्या वेळी चकतीला कडेने धरणाऱ्या कड्यात असतात, त्यामुळे दोघांचे कोन जुळतात. इथे दबलेल्या चित्राभोवती दुसऱ्या एका अकरा कोनांची पुसट चौकट उमटली होती आणि ती नाण्याच्या कोनांशी जुळत नव्हती. मागची बाजूही नीट पाहिली तर सिंहांचे नाकडोळे किंचित बसलेले होते, कारण दाब देताना तीही कशावर तरी टेकलेली होती.

वजन अगदी बरोबर भरलं, ६ ग्रॅम. विक्रेत्याने वजनकाट्यावरचा फोटो पाठवला होता आणि मुलाचा विश्वास त्या फोटोवरच बसला होता. पण अशा दाबकामात धातू जात नाही, नुसता हलतो. त्यामुळे वजनाने इथे काही सिद्ध होत नाही. याहून हुशार कारागीर आधी नकाशा कानशीने घासून टाकतो आणि मग दाबतो. तेव्हा आधीच्या चित्राचा माग राहत नाही, पण वजन घटतं. म्हणजे भिंग आणि काटा दोन्ही एकत्र वापरले तर असा माल सहसा निसटत नाही. एकच वापरलं तर निसटतो.

त्या मुलाचे पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेत्याने नंबर बंद केला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला शिकवतो: हे टाकसाळीत कुठे घडलं असेल? धातूची पट्टी, पट्टीतून पाडलेली चकती, चकतीला तापवून मऊ करणं, तिची किनार उचलणं, आणि मग कॉलरमध्ये दोन डायांच्या मध्ये ठोका. एवढाच प्रवास असतो. दोष यातल्या एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. विकणाऱ्याला तो दाखवता येत नसेल आणि ‘फार दुर्मीळ आहे’ एवढंच त्याचं उत्तर असेल, तर पाकीट बाहेर काढू नये.

या प्रश्नाचं उत्तर सर्वांत सुंदर देणारा दोष म्हणजे चावा, म्हणजे कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं. पुरीसाठी लाटलेल्या पोळीवर वाटी दाबताना ती आधीच्या भोकावर थोडी गेली की पुरी एका बाजूला खाल्ल्यासारखी निघते. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की पंचखाली तेच होतं. अपुरी चकती पुढे किनार उचलण्याच्या यंत्रात जाते. तिथे चकती दोन बाजूंनी दाबून फिरवतात. जिथे तुकडाच नाही तिथे दाब पडत नाही, आणि एका बाजूला दाब नाही म्हटल्यावर बरोबर समोरच्या बाजूलाही तो पडत नाही. म्हणून खऱ्या चाव्याच्या समोरची किनार फिकी, बसकी, कधी नाहीशीच झालेली असते. इंग्रजी नाणेशास्त्रात याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. शिवाय चाव्याजवळची अक्षरं त्या रिकाम्या जागेकडे ओढलेली, निमुळती झालेली दिसतात, कारण ठोका बसताना धातूला तिकडे वाहायला मोकळी जागा मिळते.

आता कुणी पूर्ण नाणं घेऊन त्याची कड गोल कानशीने घासली तर काय दिसेल? समोरची किनार भरभक्कम. अक्षरं घासलेल्या रेषेवर कापल्यासारखी थांबलेली, ओढ कुठेच नाही. कापलेल्या जागेवर कानशीच्या समांतर रेघा आणि काठाला बर, म्हणजे घासताना वर आलेली धातूची बारीक धार. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला ती बर बोटाच्या टोकानेही कळते.

भाजी घेताना एकदा माझ्या हातात खरा चावा आला. १९९२ नंतरचा स्टीलचा एक रुपया, ज्याचं वजन ४.८५ ग्रॅम हवं. काटा त्यापेक्षा बराच कमी दाखवत होता, समोरची किनार मावळलेली होती, आणि ‘भारत’मधला ‘त’ चाव्याकडे ताणलेला होता. घरी येऊन मी तो भिंगाखाली कितीतरी वेळ पाहत बसलो. विकायचा विचार मनात आला नाही. कुठल्यातरी पाळीत, कुठल्यातरी प्रेसवर, पट्टी एक क्षण अडकली होती आणि तो क्षण माझ्या तळहातावर होता. या छंदाचं सुख ते हेच. खोट्या मालाचा मला एवढा राग येतो तोही यामुळेच.

दुसरा प्रसंग जुन्नरकडचा. तिकडचे आमचे एक नातेवाईक शेती करतात. नांगरताना त्यांना दोन रुपयांचं नाणं सापडलं, वरून तांबूस, मधे मधे काळपट, कडेला खरवडल्यासारखं. ‘तांब्याचं दोन रुपये, सरकारने चुकून काढलेलं’ असा व्हिडिओ त्यांच्या मुलाने पाहिलेला होता. त्यांनी फोटो टाकला, तासाभरात एका ‘खरेदीदाराचा’ फोन आला. साडेतीन लाखांना घेतो म्हणाला. फक्त आधी नोंदणी शुल्क भरा, मग कर भरा, मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र काढायचे पैसे भरा. तिसऱ्या वेळी वहिनींना संशय आला आणि त्यांनी मला फोन केला. तोवर पेरणीचे पैसे गेले होते.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, अशा व्यवहारासाठी ती कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. नाणं विकणाऱ्याने पैसे भरायचे असतात, ही गोष्टच उलटी आहे. पैसे घेणाऱ्याकडून येतात.

आणि त्या नाण्याचं म्हणाल तर ते मातीचं काम होतं. आपली नव्वदच्या दशकातली दोन आणि पाच रुपयांची नाणी कप्रोनिकेलची, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. ओल्या, खतं पडलेल्या जमिनीत वर्षानुवर्षं राहिलं की पृष्ठभागावरचं निकेल आधी निघून जातं आणि तांब्याची लाली वर येते. आतून नाणं तेच. खरंच वेगळ्या धातूच्या चकतीवर छापलं गेलेलं नाणं असेल तर त्याचा रंग एकसारखा असतो, चित्र ठसठशीत असतं आणि वजन त्या दुसऱ्या धातूच्या हिशेबाने बदललेलं असतं. मातीतल्या नाण्याचा रंग डागाडागांचा, पोत खरबरीत, आणि अक्षरांच्या कडा झिजून मऊ झालेल्या. हा फरक फोटोत लपतो, हातात लपत नाही.

माती, पाणी, आग आणि तेजाब हे चौघे मिळून जितकी ‘दुर्मीळ’ नाणी बनवतात तितकी कुठलीही टाकसाळ बनवत नाही. स्टीलचं नाणं चुलीत, होळीत किंवा होमात पडलं की त्यावर गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढतात. हत्याराला पाणी देताना हेच रंग आम्ही रोज पाहायचो. ती ऑक्साइडची पातळ साय असते आणि ती किती तापमान लागलं तेवढंच सांगते. निळा रुपया म्हणून तो विकला जातो तेव्हा मला गप्प बसवत नाही. ॲल्युमिनियमची जुनी पाच, दहा, वीस पैशांची नाणी खाऱ्या पाण्यात किंवा चुन्यात राहिली की पांढरी पडतात, खड्डे पडतात, काठ कुरतडल्यासारखा होतो. चुना आणि सोडा दोन्ही ॲल्युमिनियमला खातात हे स्वयंपाकघरातल्या पातेल्यांवरूनही ठाऊक असतं. तेजाबात बुडवलेलं नाणं सगळीकडून सारखं बारीक होतं: व्यास कमी, जाडी कमी, वजन कमी, आणि चित्र जागेवर पण विरघळल्यासारखं. ‘छोट्या चकतीवर छापलेला रुपया’ म्हणून ते दाखवतात. छोट्या चकतीवर खरोखर मोठी डाय पडली असती तर कडेची अक्षरं नाण्याबाहेर गेली असती, अर्धी कापली गेली असती. इथे सगळी अक्षरं आहेत, फक्त रोडावलेली.

याच्या उलट, मोठं झालेलं नाणं. कॉलर बसली नाही तर ठोका बसताना धातू बाहेर पसरतो आणि नाणं नेहमीपेक्षा रुंद होतं. कड गुळगुळीत राहते. वजन मात्र तेच. रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं किंवा चामड्याच्या दोन तुकड्यांत ठेवून हातोडीने ठोकलेलं नाणंही रुंद होतं आणि त्याचंही वजन तेच राहतं. इथे काटा काही सांगत नाही, चित्र सांगतं. टाकसाळीतल्या पसरलेल्या नाण्यावर मधलं चित्र खोल आणि ताजं असतं, कारण डायने ते त्याच ठोक्यात उठवलं. ठोकलेल्या नाण्यावर चित्रही पसरतं, बसतं, चमकतं.

उंचवटा की खळगा, हे पाहायची सवय लावून घेतली तर अर्धं काम होतं. डायला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. डायचा कडेचा तुकडा तुटला तर नाण्यावर गोळा उठतो, आणि बरोबर त्याच्या मागच्या बाजूला चित्र फिकं पडतं, कारण तिथला धातू पुढच्या पोकळीत गेला. ओरखडा मात्र आत जातो आणि त्याच्या दोन्ही काठांना धातू वर लोटलेला असतो. याला अपवाद आहेत. डायमध्ये ग्रीस आणि धातूची भुकटी साचली की अक्षरंच उठत नाहीत, ‘भारत’ गायब होतो. घासून काढलेल्या ‘भारत’पासून ते ओळखायचं असेल तर प्रकाश आडवा पाडा. ग्रीसने गेलेल्या अक्षराची जागा आजूबाजूच्या सपाटीच्या पातळीतच असते आणि बहुधा अक्षराची पुसट सावली तरी राहते. घासलेल्या जागी पातळी खाली गेलेली असते आणि बारीक रेघा एकाच दिशेने पळतात. चिकटवलेला डाखाचा थेंब डायचा गोळा म्हणून विकल्याचंही मी पाहिलं आहे. सुईचं टोक टेकवलं की तो मऊ लागतो.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सध्या सर्वांत जास्त फसवणूक तिथे आहे. मधली चकती उलटी बसलेलं, मधली चकती फिरलेलं, अशी नाणी हजारो रुपयांना खपवली जातात. हे नाणं कसं बनतं ते एकदा डोळ्यांपुढे आणा. बाहेरचं पिवळं कडं आणि आतली पांढरी चकती दोन्ही कोरे असतानाच एकत्र येतात, आणि मग एकच डाय एकाच ठोक्यात दोघांवर चित्र उठवते. तो ठोकाच त्यांना एकमेकांत घट्ट अडकवतो. म्हणजे कड्यावरची अक्षरं आणि चकतीवरचे सिंह यांचं नातं डायवरच ठरलेलं असतं. ते फिरूच शकत नाही. चकतीवरचं चित्र कड्याच्या मानाने तिरकं किंवा उलटं दिसत असेल, तर ती छापल्यानंतर बाहेर काढून पुन्हा ठोकून बसवलेली आहे. यात दुसरी शक्यता नाही. सांध्याजवळ भिंग लावा, ओरखडे सापडतील.

मग या नाण्यात खरा दोष कसा दिसतो? कड्यातलं भोक मध्यावर नसेल तर पांढरा भाग एका बाजूला सरकतो, पण चित्र नाण्याच्या मध्यावरच राहतं आणि सिंहाची आयाळ पांढऱ्यावरून पिवळ्यावर सलग जाते. कडं रिकामंच छापलं गेलं तर भोकाच्या आतल्या काठाला ठोक्याने धातू आत ओघळलेला दिसतो. छापल्यावर चकती ठोकून काढली असेल तर आतल्या काठावर ती जिथे अडकली होती त्या खाचेचा माग राहतो. नाण्याचं पूर्ण वजन ७.७१ ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटर, हे आकडे पाठ असलेले बरे.

दोन्ही बाजूंना एकच चित्र उठलेलं नाणं, म्हणजे दोन्हीकडे छापा किंवा दोन्हीकडे काटा, जादूगारांसाठी बनवतात. एक नाणं लेथवर आतून पोखरतात, दुसऱ्याचा अर्धा पातळ करून त्यात बसवतात. किनारीच्या आतल्या काठाने नख फिरवा, सांधा लागतो. टेबलावर टाकलं तर आवाज बसका येतो.

काही गोष्टी दोष नाहीतच, पण दोष म्हणून विकल्या जातात. सालाखाली कुठलीच खूण नाही म्हणून ‘खूण छापायची राहिली’ असं सांगतात. कोलकात्याच्या टाकसाळीची खूणच नसते. मुंबईचा हिऱ्याचा आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मागणी पुरी पडेना म्हणून सरकारने काही नाणी परदेशात छापून घेतली, त्यामुळे १९८५ च्या रुपयावर बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचं रोमन एच आणि पुढे पाच रुपयांवर मॉस्को टाकसाळीची रशियन अक्षरंही सापडतात. ती अधिकृत नाणी आहेत. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ वेगवेगळे नमुने चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं होतं, तेव्हा दोन नाणी एकसारखी नाहीत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आणि मागची बाजू पाच-दहा अंशांनी तिरकी असणं तर इतकं सर्रास आहे की त्याला कुणी जाणकार जास्त पैसे देत नाही.

शिवराईच्या बाबतीत तर मला हात जोडून सांगावंसं वाटतं. तांब्याच्या शिवराया आणि त्यांतलाच एक प्रकार असलेल्या दुदांड्या ‘मिस-स्ट्राइक’ म्हणून जास्त भावाने विकल्या जातात, कारण ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर बाहेर गेलेलं असतं. ती हाताने पाडलेली नाणी. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, चकत्या ओबडधोबड, आणि हातोडा माणसाच्या हातातला. अक्षर बाहेर जाणं हाच तिथला नियम. पूर्ण मजकूर आलेली शिवराईच खरी दुर्मीळ, आणि तिला जास्त मोल हवं. यंत्राच्या नाण्याचा मापदंड हाताच्या नाण्याला लावला की आपल्याच इतिहासाची किंमत उलटी होते. तसंच जुन्या चांदीच्या रुपयांवरच्या छोट्या छोट्या ठोक्यांचं. चांदी खरी आहे का हे पाहायला सराफांनी त्या खुणा केल्या. त्या टाकसाळीच्या नाहीत, पण त्या नाण्याचा प्रवास सांगतात आणि मला त्या पुसाव्याशा वाटत नाहीत. राणीछाप रुपयाच्या माथ्यावर कडेला डाखाचा डाग दिसला तर तो कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता, एवढं समजावं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा मात्र यंत्राचा. १९४३ ते १९४७ ची ही नाणी. भोक चकतीत आधी पाडायचे आणि मग छापायचे, म्हणून सरकलेलं भोक खरं असेल तर भोकाच्या कडेचा धातू ठोक्याने गोलसर झालेला असतो. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाला आत वेटोळ्या रेघा असतात.

हे सगळं पाहायला फार काही लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, व्हर्नियर आणि लोहचुंबक. चुंबक का, तर कप्रोनिकेलची जुनी दोन-पाच रुपयांची नाणी त्याला चिकटत नाहीत आणि स्टीलची चिकटतात, त्यामुळे धातूबद्दलचा दावा एका क्षणात तपासता येतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच सालाचं, त्याच टाकसाळीचं एक साधं, निर्दोष नाणं शेजारी ठेवा. एकट्या नाण्याकडे पाहून मन वाट्टेल ते पाहतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. तिथे जाऊन चांगली नाणी तासभर पाहिलीत तर दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल.

विकत घ्यायचं असेल तर समोरासमोर घ्या, आणि पावतीवर दोषाचं नाव आणि ‘खोटं ठरल्यास परत’ एवढं लिहून मागा. प्रामाणिक व्यापारी लगेच लिहून देतो, अशा कित्येकांशी माझे अनेक वर्षांचे संबंध आहेत. महागड्या नाण्यासाठी दुसऱ्या जाणकाराचं मत घ्यायला दोन दिवस मागा. जो ‘आत्ताच ठरवा, दुसरा गिऱ्हाईक उभा आहे’ म्हणतो, त्याला त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या. आणि घरच्या नाण्यावर स्वतः प्रयोग करू नका. चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा २०११ च्या नाणे अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, आणि मुलांना रुळावर नाणी ठेवू देण्यात तर जिवाचाच धोका आहे.

खरं सापडलंच, तर त्याला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. घासलेल्या नाण्यावरचा टाकसाळीचा मूळ पोत परत येत नाही, आणि दोष खरा होता हे पटवून देणारा पुरावाही त्याबरोबर धुतला जातो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून काही वर्षांनी हिरवा चिकट थर नाण्यावर उतरतो. कडेला धरा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, आणि पाकिटावर तारीख, कुठे मिळालं, वजन आणि व्यास पेन्सिलने लिहा. दबलेल्या लाखीचं नाणं त्या मुलाने माझ्याकडेच ठेवायला दिलं आहे. तेही असंच पाकिटात आहे, वर ‘प्रेसमध्ये दाबलेलं’ असं लिहून, आणि नवीन कुणी शिकायला आलं की खऱ्या चाव्याच्या रुपयाबरोबर मी ते भिंगाखाली ठेवतो आणि आधी त्यालाच सांगायला लावतो.